कच्चा डेटा खुला करताना: अपलोडचं बटण सगळ्यात शेवटी

पेपर स्वीकारला जातो, जर्नलचा ईमेल येतो, 'डेटा कुठे ठेवलाय ते आठवड्याभरात कळवा'. मग रात्री बसून अख्खं फोल्डर झिप करायचं, रिपॉझिटरीत (डेटा जपून ठेवणाऱ्या ऑनलाइन साठ्यात) ढकलायचं, मिळालेली लिंक पेपरात चिकटवायची आणि मोकळं व्हायचं. काही महिन्यांनी दुसऱ्याच विषयातला कुणी ती झिप उघडतो. आत 'फायनल', 'फायनल२' आणि 'फायनल_खरंच' अशा तीन फाइली, त्यांतल्या एकीत 'टेम्प' नावाचा कॉलम, आणि बाकी शुकशुकाट. टेम्प म्हणजे टेम्परेचर की टेम्पररी? विचारावं तर ज्यानं मोजमापं घेतली तो विद्यार्थी केव्हाच दुसरीकडे गेलेला.

असे संच तपासून देणं हे माझं रोजचं काम. त्यात दिसणारी चूक बहुतेक वेळा एकच असते, क्रमाची. लोक रिपॉझिटरी निवडण्यापासून सुरुवात करतात. परवानगी, साफसफाई आणि वर्णन 'नंतर बघू' म्हणून ठेवतात. पण एकदा डीओआय (नोंदीचा कायमचा ओळखक्रमांक) निघाला की झालेली चूक पुसता येत नाही, तिच्यावर नवी आवृत्ती चढवता येते एवढंच. म्हणून खालचे टप्पे याच क्रमानं घ्या.

'मागितल्यास डेटा देऊ' ही पळवाट आधीच बाजूला ठेवा. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, डेटा द्यायची तयारी पेपरातच लिहून दिलेल्या १,७९२ लेखांच्या लेखकांना खरोखर ईमेल करून पाहिलं. डेटा मिळाला १२२ जणांकडून.

टप्पा १: हा डेटा द्यायचा हक्क तुम्हाला आहे का?

आधी एक कागद घ्या आणि फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलपुढे तिचा मालक लिहा. काही फाइली तुमच्या गटाच्या असतील, काही सहकारी संस्थेच्या, काही एखाद्या कंपनीशी केलेल्या कराराखालच्या, काही दुसऱ्याच्या संकेतस्थळावरून उतरवलेल्या. उतरवलेल्या फाइली पुन्हा वाटायच्या नसतात. मूळ जागेचा पत्ता, उतरवल्याची तारीख आणि आवृत्ती नोंदवली की पुरे.

माणसांचा डेटा असेल तर संमतिपत्र काढून शब्दन् शब्द वाचा. 'माहिती फक्त याच अभ्यासासाठी वापरली जाईल' किंवा 'अभ्यास संपल्यावर नष्ट केली जाईल' असं वाक्य त्यात असेल, तर डेटा कितीही निनावी करा, तो तसाच खुला करता येत नाही. अशा वेळी नीतिसमितीकडे जायचं, सहभागींची नव्यानं संमती घेता येईल का ते पाहायचं. पुढचा अभ्यास आखताना मात्र संमतिपत्रातच लिहून घ्या: 'नाव व ओळख काढून टाकलेला डेटा इतर संशोधकांना वापरण्यासाठी खुला केला जाईल.' दोन ओळींचं काम आहे, पण ते सुरुवातीलाच व्हावं लागतं.

माणसं नसली तरी विचार करा. दुर्मीळ वनस्पतींची किंवा प्राण्यांची नेमकी ठिकाणं चोरट्यांच्या उपयोगी पडतात, उत्खननाच्या जागांचंही तेच. जैवविविधतेच्या नोंदी गोळा करणाऱ्या जीबीआयएफवर अशा प्रजातींची ठिकाणं मुद्दाम ढोबळ करून देण्याची पद्धत आहे. ढोबळ केलीत तर किती केलीत ते लिहा, नाहीतर पुढचा माणूस त्यालाच अचूक बिंदू समजून नकाशा काढेल.

*तपासा:* सगळ्या सहलेखकांचा होकार लेखी मिळालाय का? तोंडी होकार डीओआय निघाल्यावर हमखास विसरला जातो.

टप्पा २: 'कच्चा' म्हणजे नेमका कुठला?

प्रत्येक विषयाचा कच्चेपणा वेगळा. खगोलशास्त्रात दुर्बिणीतून आलेली प्रतिमा कच्ची खरी, पण तिच्यासोबत बायस, डार्क आणि फ्लॅट या कॅमेऱ्याचे दोष काढायला लागणाऱ्या प्रतिमा नसतील तर तिचा उपयोग शून्य. जनुकीय वाचनात फास्टक्यू फाइल कच्ची धरतात, यंत्रानं त्याआधी साठवलेले संकेत सहसा कुणी मागत नाही. मुलाखतींच्या अभ्यासात ध्वनिमुद्रण कच्चं असतं, पण वाटता येतं ते लेखी उतरवलेलं रूप. क्षेत्रकामात खरा कच्चा डेटा म्हणजे वही. तक्ता ही तिची नक्कल, आणि नक्कल करताना चुका झालेल्या असतात.

मी लावते ती कसोटी अशी: जिथून सुरुवात करून एखादा परका माणूस तुमच्या पेपरातली प्रत्येक आकृती पुन्हा काढू शकेल, असं सगळ्यात अलीकडचं नव्हे, सगळ्यात आधीचं रूप द्यायचं. त्यासाठी तीन फोल्डर करा: कच्चं, साफ केलेलं आणि निकाल. एकातून दुसऱ्यात कसं आलात ते सांगणारा कोड मध्ये ठेवा. कोड नसेल, हातानं केलं असेल, तर काय काय केलं ते साध्या वाक्यांत लिहा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

कच्चं फोल्डर ताबडतोब 'फक्त वाचण्यासाठी' करून टाका. 'हा एक आकडा उघडच चुकलाय, दुरुस्त करते' म्हणून त्यात हात घालायचा नाही. दुरुस्ती दुसऱ्या फोल्डरमध्ये, कारणासकट.

उपकरणाच्या कंपनीचं स्वतःचं फाइलरूप असेल तर दोन्ही ठेवा, मूळ फाइल आणि खुलं रूप (सूक्ष्मदर्शकासाठी ओएमई-टिफ, मास स्पेक्ट्रोमेट्रीसाठी एमझेडएमएल). रूपांतर करताना फाइलच्या माथ्यावरच्या नोंदी गळण्याची शक्यता असते: लेन्स कुठली, एक्सपोजर किती. त्या गळल्याचं सहसा त्या क्षणी लक्षात येत नाही.

टप्पा ३: ओळख पुसणे

इथे घाई करू नका. माणसांशी संबंध नसलेला डेटा असेल तर पुढच्या टप्प्यावर जा. पण जाण्याआधी फोटोंमधली एक्झिफ माहिती (कॅमेरा फोटोच्या फाइलीतच साठवतो ती) तेवढी पाहा, त्यात जागेचे अक्षांश-रेखांश बसलेले असू शकतात.

नावाचा कॉलम उडवला म्हणजे डेटा निनावी झाला, हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. संगणकशास्त्रज्ञ लतान्या स्वीनी यांनी २००० साली मांडलेला हिशोब असा होता की जन्मतारीख, लिंग आणि पाच अंकी पिनकोड एवढ्यावरून अमेरिकेतली सुमारे ८७ टक्के माणसं एकमेवपणे ओळखता येऊ शकतात. २००६ साली एओएल या इंटरनेट कंपनीनं वापरकर्त्यांच्या नावांऐवजी क्रमांक घालून शोधनोंदी प्रसिद्ध केल्या. शोधलेल्या शब्दांवरूनच पत्रकारांनी एका बाईंचं घर गाठलं. २०१४ साली न्यूयॉर्कच्या टॅक्सीफेऱ्यांचा डेटा बाहेर आला. त्यात टॅक्सीचे क्रमांक हॅश करून, म्हणजे ठरलेल्या सूत्रानं अगम्य अक्षरांत बदलून, लपवले होते. पण टॅक्सीच्या क्रमांकाची ठेवण ठरलेली, म्हणजे शक्य क्रमांक मोजके. ते सगळे हॅश करून यादीशी ताडून पाहिले की कुलूप उघडलं.

म्हणून क्रम असा:

1. थेट ओळख काढा: नाव, फोन, ईमेल, रुग्णक्रमांक.
2. आडून ओळख सांगणाऱ्या गोष्टी ढोबळ करा. जन्मतारखेऐवजी वयोगट, गावाऐवजी प्रदेश, नेमक्या तारखेऐवजी 'पहिल्या भेटीनंतर ४२ वा दिवस'.
3. आडून ओळख सांगणाऱ्या या कॉलमांची जोडणी करून पाहा. 'स्त्री, ७० च्या वर, वैमानिक' अशी संचात एकच ओळ निघाली तर ती व्यक्ती उघडी पडली. गट आणखी मोठे करा किंवा ती ओळ वगळा, आणि वगळल्याचं लिहा.
4. मोकळ्या मजकुराचा कॉलम स्वतः वाचा, अख्खा. 'आमच्या गावातली एकटीच डॉक्टर मी' हे वाक्य कुठलंही सॉफ्टवेअर पकडेल यावर विसंबू नका.

आता फाइलींचे छुपे कोपरे. वैद्यकीय प्रतिमांच्या डायकॉम फाइलीच्या माथ्यावर रुग्णाचं नाव असतं. मेंदूच्या एमआरआयमधून चेहरा पुन्हा उभा करता येतो, म्हणून चेहऱ्याचा भाग काढून टाकतात. आतड्यातल्या जिवाणूंचा डीएनए वाचला तर त्यात त्या माणसाचाही डीएनए मिसळलेला असतो. तो गाळल्याशिवाय फाइल चढवायची नाही. तक्त्यांमध्ये लपवलेली पानं, दस्तऐवजांमध्ये जुन्या दुरुस्त्या आणि लेखकाचं नाव, गिटच्या (कोडच्या सगळ्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनाच्या) इतिहासात काढून टाकलेली फाइल: सगळं अजून तिथेच असतं.

*सावध:* सहभागींचे क्रमांक आणि खरी नावं यांची किल्ली ज्या फाइलीत आहे ती त्याच फोल्डरमध्ये नाही ना? हसू नका. झिपमध्ये ती मला सापडलेली आहे, एकदा नव्हे.

हे सगळं करूनही धोका उरत असेल तर डेटा नियंत्रित जागी ठेवा. मानवी जनुकीय डेटासाठी ईजीए आणि डीबीगॅप अशा जागा आहेत, तिथे अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. वर्णन खुलं, डेटा कुलुपात. हेही नीट केलेलं खुलं कामच आहे.

टप्पा ४: फाइली सरळ करणे

इथे एक्सेलबद्दल बोलणं भाग आहे. एक्सेल वाईट नाही, पण ते तुम्हाला न विचारता मदत करतं. 'सेप्ट२' या जनुकाचं नाव ते २ सप्टेंबर करून टाकायचं, 'मार्च१' चं १ मार्च. हे इतकं बोकाळलं की २०२० साली जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनंच हात टेकले आणि नावं बदलली: सेप्टिन२, मार्चएफ१. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांतून गळले, कारण जुन्या एक्सएलएस रूपात ६५,५३६ च्या पुढे ओळी मावत नाहीत आणि उरलेल्या गुपचूप पडून गेल्या.

तक्ता साध्या सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या निव्वळ मजकुराच्या फाइलीत) द्या. एका फाइलीत एक तक्ता, एका ओळीत एक निरीक्षण, एका कॉलममध्ये एकच गोष्ट. जोडलेले रकाने मोडा. पिवळ्या रंगाला काही अर्थ असेल तर त्याचा वेगळा कॉलम करा, सीएसव्हीत रंग जात नाही. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहा. ०३/०४ हा मार्च की एप्रिल हे जगात दोन प्रकारे वाचलं जातं. क्रमांकातलं पहिलं शून्य उडालंय का पाहा. दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम आलाय का पाहा. अक्षरं यूटीएफ-८ मध्ये साठवा, नाहीतर देवनागरीतली उत्तरं उघडणाऱ्याला प्रश्नचिन्हांची रांग दिसेल. फाइलींच्या नावांत मात्र रोमन अक्षरं, अंक आणि आडवी रेघ एवढंच ठेवा. मोकळी जागा नको, 'फायनल' तर नकोच.

आणि रिकामे रकाने. पक्षीगणनेचा एक तक्ता मीच तपासून पुढे पाठवला होता. ज्या दिवशी पावसामुळे गणना झालीच नाही, त्या दिवसांचे रकाने वहीत रिकामे होते. तक्ता भरणाऱ्यानं बेरीज नीट चालावी म्हणून तिथे ० टाकलं. कॉलम स्वच्छ, एकही जागा रिकामी नाही, मला बरं वाटलं. पुढे एका संख्याशास्त्रज्ञानं तो संच घेतला आणि विचारलं, 'हे पक्षी दर पावसाळ्यात पूर्ण नाहीसे होऊन परत कसे येतात?' पक्षी कुठे गेले नव्हते, माणसंच मोजायला गेली नव्हती. शून्य दिसले, पाहिलंच नाही, पाहिलं पण उपकरणाच्या पकडीखाली होतं, विचारलं पण उत्तर दिलं नाही: या चार गोष्टींना चार वेगळ्या खुणा लागतात.

*तपासा:* प्रत्येक आकड्यांच्या कॉलमची सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठी किंमत काढा. -९९९९ अंश तापमान किंवा २०० वर्षं वयाचा माणूस तिथेच सापडतो.

टप्पा ५: रीडमी आणि कॉलमांची यादी

रीडमी म्हणजे डेटासोबत ठेवायची माहितीची फाइल. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. तुमच्या विषयातला वाचक अंदाजानं चालवून घेतो. दुसऱ्या विषयातला घेऊ शकत नाही, किंवा घेतो आणि चुकतो. नमुना म्हणजे रसायनशास्त्रज्ञाला एक कुपी, संख्याशास्त्रज्ञाला अख्खा गट. डेप्थ म्हणजे सागरवैज्ञानिकाला पाण्याची खोली, जनुकशास्त्रज्ञाला एकच जागा किती वेळा वाचली तो आकडा. 'नॉर्मलाइज केलं' या दोन शब्दांमागे तर प्रत्येक प्रयोगशाळेची वेगळी कृती असते. असे शब्द रीडमीत आले की पुढे एका वाक्यात उलगडा.

कॉलमांच्या यादीत कॉलमचं नाव आणि 'तापमान' असा एक शब्द लिहून भागत नाही. त्या टेम्पची नोंद अशी हवी होती:

'टेम्प: तलावाच्या पाण्याचं तापमान, अंश सेल्सिअस, पृष्ठभागाखाली अर्ध्या मीटरवर, दर १० मिनिटांनी एक वाचन, सरासरी काढलेली नाही. सेन्सरची अचूकता ±०.२ अंश. सेन्सर बंद असताना -९९९९. वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत).'

यातला एकेक तुकडा काढून पाहा, कुणाचं तरी काम अडेल. एककाचं तर विचारूच नका: १९९९ साली मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाशी गमावलं, कारण एका सॉफ्टवेअरनं बलाचा हिशोब पाउंडात दिला आणि घेणाऱ्यानं तो न्यूटनमध्ये समजला.

रीडमी साध्या मजकुराची फाइल असू द्या. त्यात फाइलींची यादी, कुठे-केव्हा-कशानं मोजलं, कॅलिब्रेशन कधी केलं, काय वगळलं आणि का, कुठलं सॉफ्टवेअर कुठल्या आवृत्तीचं, आणि संपर्क. संपर्कासाठी संस्थेचा ईमेल बदलतो, ऑर्किड क्रमांक (संशोधकाचा स्वतःचा कायमचा ओळखक्रमांक) बदलत नाही. माहीत असलेल्या त्रुटी वेगळ्या परिच्छेदात लिहा: 'मे महिन्यात तिसरा सेन्सर गाळात रुतला होता, ती वाचनं वापरू नयेत.' लोक हे लपवतात, आणि नंतर वाचकाला ते सापडतं.

*तपासा:* दुसऱ्या विषयातल्या एखाद्याला फोल्डर द्या, एक आकृती काढायला सांगा आणि शेजारी गप्प बसा. त्यानं जिथे मान वर करून तुमच्याकडे पाहिलं, तिथे रीडमीत एक ओळ कमी आहे.

टप्पा ६: जागा आणि परवाना

आता रिपॉझिटरी. विषयाची खास जागा असेल तर तीच घ्या, कारण तिथे ठरावीक रूप सक्तीचं असतं आणि त्या विषयाचे लोक तिथेच शोधतात. डीएनएच्या क्रमांसाठी जेनबँक, ईएनए किंवा डीडीबीजे (तिघं आपसांत नोंदी वाटून घेतात, एका ठिकाणी दिलं की पुरे), प्रथिनांच्या रचनेसाठी १९७१ पासून चालू असलेली प्रोटीन डेटा बँक, भूविज्ञान आणि पर्यावरणासाठी पँजिया, मेंदूच्या प्रतिमांसाठी ओपनन्यूरो, समाजशास्त्रासाठी आयसीपीएसआर. आपल्या विषयाची जागा कुठली ते री३डेटा या सूचीत शोधता येतं. कुठेच बसत नसेल तर सर्वसाधारण जागा: सर्नची झेनोडो (एका नोंदीला साधारण ५० जीबी), फिगशेअर, ड्रायड, डेटाव्हर्स.

प्रयोगशाळेचं संकेतस्थळ, ड्राइव्हची लिंक आणि गिटहब ही जपून ठेवण्याची ठिकाणं नव्हेत. गिटहबवरचा कोड झेनोडोत जोडून त्याची गोठवलेली प्रत काढता येते, तेवढं करा.

परवान्यात फार घोळ घालू नका. डेटासाठी सीसी० (सगळे हक्क सोडले) किंवा सीसी बाय ४.० (श्रेय देऊन वापरा), ड्रायडवर सीसी०च चालतं. 'व्यावसायिक वापर नको' हे कलम दिसायला सुरक्षित वाटतं, पण व्यावसायिक म्हणजे काय यावर संस्थांचे वकील अडून बसतात. 'फेरफार नको' हे कलम तर डेटाला लावूच नका, दोन संच जोडून नवा प्रसिद्ध करायची वाटच त्यानं बंद होते. परवाना न देणं सगळ्यात वाईट: काळजीपूर्वक वागणारा माणूस मग हातच लावत नाही. कोडसाठी वेगळा, सॉफ्टवेअरचा परवाना लागतो.

टप्पा ७: अपलोड, आणि त्यानंतर

चढवण्याआधी प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल जशीच्या तशी आहे का ते पडताळायचा आकडा) काढून एका यादीत ठेवा. झेनोडोवर प्रसिद्ध करण्याआधीच डीओआय राखून ठेवता येतो. तो पेपरात आणि रीडमीत घाला, मग शेवटचं बटण दाबा. समीक्षक अजून वाचत असतील तर खासगी लिंकची सोय बऱ्याच ठिकाणी असते. समीक्षा निनावी असेल तर रीडमीतलं तुमचं नाव तेवढ्यापुरतं झाका.

नोंदीचं शीर्षक 'पेपरचा डेटा' असं ठेवू नका. काय मोजलं, कशावर, कुठे, कुठल्या काळात, हे शीर्षकातच यावं. शोधणारा तेच शब्द टाकतो. तुमच्या विषयाबाहेरचे दोन-चार सोपे शब्दही सूचक शब्दांत घाला.

*तपासा:* दुसऱ्या संगणकावर, लॉगिन न करता, लिंक उघडा. सगळं उतरवा, चेकसम ताडा, एक फाइल उघडून पाहा. माझ्याकडे आलेल्या नोंदींमध्ये 'खुली' समजलेली पण प्रत्यक्षात कुलूपबंद राहिलेली नोंद अधूनमधून निघतेच.

चूक सापडली तर जुनी नोंद उडवायची नाही. नवी आवृत्ती टाका, काय बदललं ते पहिल्याच ओळीत लिहा. झेनोडोवर प्रत्येक आवृत्तीचा वेगळा डीओआय आणि सगळ्यांचा मिळून एक असतो. पेपरात आवृत्तीचा द्या, म्हणजे तुमचे आकडे कुठल्या फाइलीतून आले ते पक्कं राहतं. ओळख उघड करणारी चूक असेल तर मात्र आवृत्तीची वाट पाहू नका, त्याच क्षणी रिपॉझिटरीला कळवून फाइल बंद करवा आणि नीतिसमितीला सांगा.

ईमेल येऊ लागतील. एखाद्यानं कॉलमबद्दल विचारलं तर त्याला उत्तर पाठवा, आणि तेच उत्तर त्याच बैठकीत रीडमीच्या पुढच्या मसुद्यात टाका.